रिकाम्या खळग्यातला मासा

४ फेब्रुवारी

ताई,

वर ‘सप्रेम नमस्कार’ नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलेला नाही.

तुझं पत्र मिळालं. तीन पानं, दोन्ही बाजूंनी. त्याचीच एक प्रत तू आमच्या संचालकांना धाडलीस आणि एक पाणीपुरवठ्याच्या चौकशी अधिकाऱ्यांना, त्यामुळे मला ते एकूण तीनदा वाचायला मिळालं. संचालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, “या बाई तुमच्या कोण?” मी म्हटलं, “सख्खी बहीण.” ते म्हणाले, “अरे वा.” त्या ‘अरे वा’चा अर्थ मी चार दिवस लावत बसले आहे.

आता तुझे मुद्दे. धबधब्याच्या वरच्या ओढ्यातला मासा वेगळा आणि खालच्या ओढ्यातला वेगळा, असं तुझं म्हणणं. अकरा वर्षं मत्स्य खात्याचे रबरी बूट घालून तू गुडघाभर पाण्यात उभी राहिलीस, वरच्याच्या अंगावर सात ठिपके मोजलेस, खालच्याच्या अंगावर नऊ. कौतुक आहे. पण ठिपके मोजून प्रजाती ठरायला लागल्या तर माणसांचे तीळ मोजून घराणी ठरवावी लागतील. म्हणून तर खात्याने माझ्या लॅबला विचारलं. मी एकशे नव्वद मासे तपासले, शहाण्णव वरचे आणि चौऱ्याण्णव खालचे. प्रत्येकाच्या शेपटीच्या परातून नखाच्या कपच्याएवढा तुकडा घेतला, त्यातला डीएनए काढला आणि एक जनुक वाचला. हा जनुक फक्त आईकडून येतो. त्या जनुकापुरतं बघायचं तर तू आणि मी एकच आहोत, मशीनला आपल्यात फरक सांगता येणार नाही. भाऊजींना विचारलं असतं तर त्यांनी सांगितला असता, पण मशीनला तशी सोय नाही.

जनुकाची दोन रूपं सापडली. दोन्ही वर सापडली, दोन्ही खाली सापडली, निम्मी-निम्मी. म्हणजे मासे एकमेकांत मिसळतात. म्हणजे ती एकच प्रजाती. म्हणजे वरचा झरा नळात घालून शहराला पाणी दिलं तर जगातून काहीही नाहीसं होत नाही, खालच्या ओढ्यात तोच मासा सुखाने पोहतो आहे. शहरात नळाला दिवसाआड पाणी येतं, हे तुला माहीत असावं. तू ओढ्यात राहतेस, म्हणून सांगितलं.

यावर तू लिहितेस, ‘साठ फूट उंच धबधबा मासा चढतो म्हणतेस? आणि इतकी नेमकी निम्मी वाटणी? इतकी समान वाटणी तर आपल्या आईनेही कधी केली नाही.’ टोमणा कळला. पण टोमणा म्हणजे पुरावा नव्हे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं चाललं आहे. आकडे मनासारखे आले नाहीत तर मशीन वाईट.

आणखी एक. मी सात वर्षांची होईपर्यंत बूट उलट्या पायांत घालायचे, तू माझ्या डाव्या बुटाच्या टाचेवर लाल रंगाचा ठिपका काढून द्यायचीस आणि मला ‘उफराटी’ म्हणायचीस, हे चौकशी अधिकाऱ्याला कळवण्याचं काय कारण होतं? ‘लहानपणापासून हिला डावं-उजवं कळत नाही’ हे वाक्य सरकारी फायलीत लागलं आहे, ताई. त्यावर आवक क्रमांक पडला आहे.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याला मी उत्तर देणार नाही. ‘आईलासुद्धा जिने फोनवरूनच पाहिलं, ती ओढा काय पाहणार.’ हे लिहिताना तुझा हात थांबला नाही, याचंच मला नवल वाटतं.

लेखी माफी हवी आहे. तिघांनाही, कारण अपमान तिघांसमोर केलास. सुनावणी वीस एप्रिलला आहे, त्याआधी पाठव.

तुझी कागदोपत्री बहीण

◆

१९ फेब्रुवारी

ताई,

माफी आली नाही, भाऊजींचा फोन आला. “तू तरी जरा सबुरीनं घे गं. तिची तब्येत बरी नसते. आई गेल्यापासून ती धड जेवतसुद्धा नाही.” मी म्हटलं, “भाऊजी, तीन पानं लिहायला ताकद कुठून आणते मग?” ते हसले बिचारे. तुमच्या घरात हसणारे तेवढेच एक उरलेत.

माफीऐवजी तू अर्ज केलास. मूळ नोंदी हव्यात म्हणे, सगळ्याच्या सगळ्या, तपासायला. घे. कर नाही त्याला डर कशाला? आमच्या संशोधक विद्यार्थिनीला, जिला सगळी लॅब चष्मेवाली म्हणते, तिला मी आजच कामाला लावलं आहे. ती सगळं नीट लावून पेटी भरेल आणि तुझ्या पत्त्यावर पाठवेल.

पण तुला ते वाचता यायला हवं, म्हणून धडा पहिला. आम्ही नमुने एका प्लेटमध्ये भरतो. प्लेट म्हणजे तळहाताएवढा प्लॅस्टिकचा ट्रे. त्यात आठ आडव्या ओळी, बारा उभ्या, मिळून शहाण्णव खळगे, एकेका खळग्यात एकेका माशाचा डीएनए. ट्रेचा एक कोपरा कापलेला असतो, तो डाव्या हाताला वर ठेवायचा, म्हणजे पहिला खळगा कुठला ते कळतं. आपल्या कामाला दोन प्लेट लागल्या. दोन्हींत डावीकडे वरच्या ओढ्याचे मासे, उजवीकडे खालच्या ओढ्याचे. आणि अगदी शेवटचा खळगा रिकामा. त्यात मासा नाही, नुसतं शुद्ध पाणी आणि रसायनं. तो रिकामा खळगा आमचा साक्षीदार. मशीनला त्यात काही सापडलं तर समजायचं, कुठेतरी घाण झाली, काम फेकून पुन्हा करायचं. तू ओढ्यावर असा साक्षीदार कधी ठेवला होतास का? ठिपके मोजताना एखादा बिनठिपक्यांचा मासा?

नमुने चष्मेवालीने भरले. प्लेट मशीनमध्ये मी स्वतः ठेवल्या, दोन्ही. ते काम मी कोणावर सोपवत नाही. आमचं मशीन जुनं आहे, पण माझ्या हाताखाली त्याने कधी दगा दिलेला नाही.

नोंदी स्वच्छ आहेत. वाच आणि गप्प बस.

धाकटी

◆

८ मार्च

ताई,

पेटी अजून का आली नाही, असं तू अधिकाऱ्यांना विचारलंस म्हणे. येईल. लॅबमध्ये तुझी पेटी सोडून दुसरी कामंही असतात. चष्मेवाली कामाला चोख पण डोक्याने जरा चिकट आहे, एखादी गोष्ट धरली की सोडत नाही. काल तिने एक अडाणी प्रश्न विचारला, मी तिला झापलं, ती रडली. आज पुन्हा तोच प्रश्न घेऊन आली. तुझीच जात.

ते जाऊ दे. मला दुसरंच बोलायचं आहे.

तुझं ते शेवटचं वाक्य. उत्तर देणार नाही म्हटलं होतं, पण महिनाभर ते घशात अडकलं आहे. आई तुझ्याकडे होती, कबूल. औषधं तू दिलीस, कुशीवर तू वळवलंस, तिचे केस तू विंचरलेस. मी महिन्यातून एकदा येत होते आणि तू दर वेळी दारातच म्हणायचीस, “आलात का पाहुण्या?” आईसमोर. आई हसायची, तिला वाटायचं थट्टा आहे. मला माहीत होतं, थट्टा नव्हती.

आणि चौदा नोव्हेंबरचा तो फोन. तू काय बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. तू म्हणालीस, “आई विचारतेय, कधी येणार. तिच्याशी बोल जरा.” एवढंच. ‘आईचं काही खरं नाही’ असं म्हणाली नाहीस. ‘डॉक्टर येऊन गेले’ असंही नाही. इतक्या वर्षांत तू दर आठवड्याला ‘आई विचारतेय’ म्हणत आलीस, मी कुठल्या ‘विचारतेय’वर धावत सुटायचं होतं? मी म्हटलं, “हातात काम आहे, नंतर करते.” आणि तू फटकन फोन ठेवलास. तू ठेवलास, ताई. मी नाही.

सोळाला ती गेली. सतराला तू सगळ्यांसमोर माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, मला पाणीसुद्धा शेजारणीने दिलं. त्या दिवसापासून तू मला गुन्हेगार ठरवलं आहेस, आणि हे मासे, ठिपके, धबधबा, सगळं त्याचाच सूड आहे. तुला ओढा वाचवायचा नाही, मला बुडवायचं आहे.

पेटी येईल तेव्हा येईल.

◆

२ एप्रिल

ताई,

हे पत्र म्हणजे माफी नव्हे, हे आधी वाच आणि मग पुढे जा.

चष्मेवालीचा तो अडाणी प्रश्न असा होता. “मॅडम, दुसऱ्या प्लेटच्या पहिल्या खळग्यात काहीच नाही, आणि शेवटच्या, रिकाम्या खळग्यात मासा आहे. असं कसं?” मी म्हटलं, “पहिला नमुना वाया गेला असेल. शेवटच्यात शिंतोडा उडाला असेल. कामाला लाग.” दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “शिंतोडा एवढा स्वच्छ नसतो मॅडम. अख्खा मासा आहे तो.” दोन्ही दिवशी मी तिला झापलं, पहिल्या दिवशीचं तुला सांगितलंच.

मग तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. परवा दुपारी ती दोन कागद घेऊन आली. तिने काय केलं होतं, तर दोन्ही प्लेटचे आकडे, जे मी एकत्र केले होते, ते वेगळे करून मांडले होते. पहिला कागद पहिल्या प्लेटचा. वरचे अठ्ठेचाळीस मासे, सगळे एका रूपाचे. खालचे सत्तेचाळीस, सगळे दुसऱ्या रूपाचे. एकाचीही सरमिसळ नाही. दुसरा कागद दुसऱ्या प्लेटचा. तसाच, फक्त बरोबर उलटा. वरच्या ओढ्यात खालचे मासे, खालच्या ओढ्यात वरचे.

मी कागद बघत राहिले. तिने टेबलावरची एक रिकामी प्लेट उचलली, कापलेला कोपरा डावीकडे वर धरला, आणि ती हळूच अर्धा फेरा फिरवून ठेवली. पहिला खळगा शेवटी गेला, शेवटचा पहिला आला, डावी बाजू उजवीकडे आली. एवढंच.

मी प्लेट उलटी ठेवली होती, ताई. आमचं जुनं मशीन कुठल्याही बाजूने ठेवलेली प्लेट निमूट घेतं. एक प्लेट सुलटी, एक उलटी, दोन्ही एकत्र केल्या की वर निम्मे-निम्मे, खाली निम्मे-निम्मे. खाली तर सत्तेचाळीस आणि सत्तेचाळीस. तू म्हणाली होतीस ना, इतकी समान वाटणी कोणी करत नाही. मी केली.

“कुठली तारीख?” मी विचारलं. मला माहीत होती. तिने वही उघडून दाखवली. चौदा नोव्हेंबर, सकाळी अकरा वीस, खाली माझी सही.

फोन मान वाकडी करून खांद्यात धरला होता. प्लेट दोन्ही हातांत होती. तू म्हणालीस, “तिच्याशी बोल जरा.” मागे आईचा आवाज येत होता, काय म्हणत होती ते कळलं नाही. मी म्हटलं, “ताई, प्लेट हातात आहे, नंतर करते.” मग तू फोन ठेवलास, मी चिडले, आणि त्या चिडीत मशीनचं झाकण उघडून प्लेट आत ढकलली. ‘नंतर’ काही आलंच नाही.

इथपर्यंत चूक आहे. चूक कोणाचीही होते. पण याच्या पुढचं मी चष्मेवालीलाही सांगितलेलं नाही. तो रिकामा खळगा मी डिसेंबरमध्येच पाहिला होता. मी तुला लिहिलं, नोंदी स्वच्छ आहेत. नव्हत्या. साक्षीदाराने बोंब मारली होती आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. अहवालात लिहिलं, ‘किरकोळ शिंतोडा, दुर्लक्ष करण्याजोगा’. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला लॅबबाहेर काढलं असतं. पुन्हा काम करायचं तर वही उघडावी लागली असती. वहीत ती तारीख होती. मला ती तारीख बघायची नव्हती.

लॅब माझी आहे, अठरा वर्षांची. संचालकांना मी फक्त प्लेटचं सांगितलं. ते म्हणाले, “प्लेट उलटी ठेवली, हे सुनावणीत सांगायलाच हवं का? ‘अधिक अभ्यास आवश्यक’ असं एक पत्र देऊ. तेही खरंच आहे.” तसं दिलं तर काय होईल, तेही त्यांना माहीत आहे आणि मलाही. ‘अधिक अभ्यास’ सुरू राहील आणि नळाचं काम पुढे जाईल. पण लॅब राहील. चष्मेवाली म्हणाली, “मॅडम, तसं करणार असाल तर अहवालातून माझं नाव काढा.” तिची पदवी माझ्या सहीवर अडली आहे आणि ती मला हे सांगते.

तू बरोबर होतीस, हे मला लिहिता येत नाही. लिहून बघितलं.

◆

१२ एप्रिल

ताई,

दोन तारखेचं पत्र मी टाकलं नव्हतं. दहा दिवस ते माझ्या पर्समध्ये किल्ल्यांबरोबर होतं, म्हणून चुरगळलं आहे. आता ह्याच पाकिटात घातलं आहे. दोन्ही एकदम वाच, म्हणजे दोनदा खूश व्हायचा त्रास नको.

फ्रीझरमध्ये दुसऱ्या प्लेटचा उरलेला डीएनए होता. आम्ही तो पुन्हा वाचला. या वेळी प्लेट चष्मेवालीने ठेवली, मी हात मागे बांधून उभी राहिले. वरचे अठ्ठेचाळीस एका रूपाचे, खालचे सत्तेचाळीस दुसऱ्या. रिकामा खळगा रिकामा. तुझा सात ठिपक्यांचा मासा तुझाच आहे, धबधब्याच्या वर आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. झरा नळात गेला तर तो संपेल.

हे मी वीस तारखेला सुनावणीत सांगणार आहे. सगळं, रिकाम्या खळग्यासकट. चष्मेवालीचं नाव चांगल्या कामापुरतंच घेणार आहे. ‘अधिक अभ्यास’वालं पत्र संचालकांनी टाइप करून माझ्या टेबलावर ठेवलं होतं, मी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. उलटून बघ.

यात तुझ्यावर उपकार नाहीत आणि तुझ्याशी समेटही नाही. पाहुणी म्हणालीस ते मी विसरलेले नाही. ‘फोनवरूनच पाहिलं’ हेही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही अजून पुरता जळलेला नाही.

एकच विनंती आहे. त्या दिवशी पहिल्या रांगेत बसू नकोस.

◆

२१ एप्रिल

ताई,

पहिल्याच रांगेत बसलीस. अगदी मधोमध, ते मळके रबरी बूट घालून. सुनावणीला बूट घालून येतं का कोणी? पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं, शिपाई दोनदा पुसून गेला.

तू सगळं ऐकलंस, तरी लिहिते, कारण मला तुझ्याकडे न बघता बोलावं लागलं आणि त्यामुळे तुझं काय चाललं होतं ते कळलं नाही.

पाणीपुरवठ्याचे वकील सज्जन दिसत होते. प्रश्न मात्र बरोबर तिथेच विचारला जिथे दुखतं. “चूक तुमची की मदतनिसाची?” मी म्हटलं, “माझी.” “अठरा वर्षांत अशी चूक किती वेळा झाली?” “मला माहीत असलेली, एकदा.” सभागृहात हसले लोक. “मग त्याच दिवशी का? लक्ष कुठे होतं तुमचं?”

मी ठरवलं होतं की ‘अनवधानाने’ असं म्हणायचं. चांगला शब्द आहे, त्यात कोणी नसतं. पण तोंडून आलं, “फोनवर माझी बहीण होती. आई आजारी होती, तिला माझ्याशी बोलायचं होतं. मी म्हटलं, प्लेट हातात आहे.” वकील खाली कागद बघायला लागले. अधिकारी म्हणाले, “लिहू नका हे.” टंकलेखिकेने हात थांबवला. मी म्हटलं, “लिहा. बूट उलटे घालत होते ते लिहून घेतलंत, हेही घ्या.”

तेव्हा तू उठून बाहेर गेलीस. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला तेवढा. मला वाटलं परत येशील. मी आणखी चाळीस मिनिटं उभी राहून उत्तरं दिली आणि तुझी खुर्ची रिकामी होती. इतक्या लोकांसमोर मी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापून दिलं आणि तू ते बघायलाही थांबली नाहीस. तू जिंकलीस तेव्हा तरी समोर बसायचंस.

निकाल भाऊजींनी सांगितलाच असेल. नळाचं काम थांबलं. नवे नमुने, दोन वेगळ्या लॅबमध्ये तपासणी, मग अंतिम आदेश. तोवर झऱ्याला कोणी हात लावायचा नाही.

इथलं सांगते. लॅबचा कारभार तूर्त माझ्याकडून काढला आहे. दारावरची पाटी काढायला सुतार आला होता, चार स्क्रू, दोन मिनिटांचं काम. एका टेबलापुरती मी आहे. चष्मेवालीची पदवी दुसऱ्या प्राध्यापकांकडे दिली, ते बरं झालं, ती मोकळी झाली. जाताना मला म्हणाली, “मॅडम, मी कुठे गेले तरी शेवटचा खळगा आधी बघीन.” मी म्हटलं, “तेवढं शिकलीस तरी पुष्कळ.” मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तुला आनंद व्हावा म्हणून सांगते.

यापुढे पत्र लिहिणार नाही.

◆

१४ मे

ताई,

तुझा खोका काल आला.

मला वाटलं चुकीच्या पत्त्यावर आला. अधिकाऱ्यांचं पत्र सोबत होतं. दोन लॅबपैकी एक त्यांनी निवडायची, दुसरी तक्रारदाराने, म्हणजे तू. तू माझी निवडलीस. लॅब माझी राहिलेली नाही हे तुला कळवलं होतं, म्हणून तू खाली वेगळ्या शाईत लिहिलंस, ‘लॅब कोणाचीही असो, काम हिच्याच हातचं हवं.’ संचालकांनी ते वाचून पुन्हा ‘अरे वा’ म्हटलं. या वेळी अर्थ लागला.

खोक्यात बर्फाच्या पिशव्या, त्यात तू स्वतः भरलेली प्लेट. पंच्याण्णव माशांच्या परांचे तुकडे. तुझ्या त्या मुंगीच्या पायांसारख्या अक्षरातली यादी. शेवटचा खळगा रिकामा ठेवलेला, त्याच्यासमोर यादीत लिहिलेलं, ‘साक्षीदार’. धडा पहिला वाचलास तर. वर चिठ्ठी, चार ओळींची. तीन पानं लिहिणारी बाई चार ओळींवर आली, म्हणजे तब्येत खरंच बरी नसणार.

‘उफराटे,
खुर्ची सोडली कारण बसवेना. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.
आई त्या दिवशी मागून म्हणत होती, “राहू दे, तिचं काम होऊ दे.” मी ते तुला सहा महिने सांगितलं नाही. मुद्दाम.
ठिपका डाव्या हाताला ठेव.’

प्लेट बाहेर काढली. कापलेल्या कोपऱ्यावर लाल रंगाचा ठिपका होता. रंग पुरता वाळायच्या आत पिशवी बांधलीस, त्यामुळे तो पिशवीलाही लागला आहे.

सहा महिने, ताई. मुद्दाम. ती म्हणाली राहू दे, आणि तू मला सहा महिने आईशी फोनवरही न बोललेली मुलगी म्हणून वागवलंस. हे मी तुला माफ करणार नाही. तू मला करू नकोस. हिशेब तसाच राहू दे, आपण दोघी सवयीने बऱ्या आहोत.

रात्रभर बसून तुकड्यांतला डीएनए काढला, आज सकाळी प्लेट ठेवली. ठिपका डाव्या हाताला, वर. चष्मेवाली दुसऱ्या मजल्यावरून बघायला आली, तिला दोनदा बघायला लावलं. साक्षीदार रिकामा निघाला. सात ठिपक्यांचे सगळे एकीकडे, नऊ ठिपक्यांचे सगळे दुसरीकडे. अहवाल उद्या जाईल.

मशीन चालू असताना फोन वाजला होता. तुझाच नंबर होता, मी बघेपर्यंत बंद झाला. पुन्हा कर. प्लेट हातात असली तर खाली ठेवून उचलीन.

उफराटी